दुसरा मालक काय बघतो? एका जुन्या रायफलीच्या शोधातून



ऑर्डरप्रमाणे बनवलेल्या मालाची किंमत कशी ठरवायची, यावरचा आपला व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यात मी एक वाक्य घाईत बोलून गेलो होतो : “ऑर्डरच्या वस्तूची खरी परीक्षा पहिलं गिऱ्हाईक घेत नाही, दुसरं घेतं.” तिथे वेळ नव्हता, म्हणून आज त्याचं एक अख्खं उदाहरण घेऊ. उदाहरण जरा लांबचं आहे. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये कारागिरांनी हाताने बनवलेल्या शिकारी रायफली सेकंडहँड कशा विकल्या जातात, हा आजचा विषय.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला, आणि शस्त्र बाळगायला १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. तेव्हा कोणी रायफल घ्यायच्या तयारीला लागू नका! मी हा बाजार निवडला तो वेगळ्या कारणासाठी. इथली वस्तू शंभर वर्षं टिकते, चार-पाच हात बदलते, आणि दर वेळी नवा घेणारा तिचे स्क्रू काढून, लाकूड आणि लोखंड वेगळं करून, कारागिराने आत काय केलंय ते बघतो. आपण केलेल्या कपाटाच्या मागची बाजू कोणी बघत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा लेख जरूर वाचावा.

कस्टम म्हणजे नेमकं काय?

कारखान्यात बनलेली रायफल एका सरासरी माणसासाठी असते. दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंतचं अंतर, साधारण साडेतेरा इंच ठेवलेलं असतं. सहा फूट तीन इंच उंचीच्या माणसाला ते आखूड पडतं, बुटक्या माणसाला लांब. कस्टम कारागीर गिऱ्हाइकाचं माप घेतो, अगदी शिंप्यासारखं. मग अक्रोडाचा ठोकळा निवडला जातो. तो वर्षानुवर्षं सुकवलेला असावा लागतो, नाहीतर पुढे लाकूड पीळ खातं आणि नळीवर दाब येऊन नेम हलतो. लाकडात लोखंड बसवायची जागा छिन्नीने इतकी बारीक कोरायची, की दोघांमध्ये फट दिसता कामा नये. पकडीच्या जागी हाताने खाचांची जाळी काढतात. एका इंचात बावीस-चोवीस रेघा, आणि एक रेघ घसरली तर सगळं काम डोळ्यात खुपतं.

गंमत म्हणजे कारागीर सगळंच स्वतः बनवत नाही. रायफलीचं काळीज असतं ‘अ‍ॅक्शन’. काडतूस आत ढकलणारी, बंद करणारी आणि रिकामं टरफल बाहेर फेकणारी ही यंत्रणा. बहुतेक कारागीर ती एखाद्या जुन्या, नावाजलेल्या कारखान्याची घेतात. जर्मनीतली १९९८ नव्हे, १८९८ची माउझर ही त्यातली सगळ्यात मानाची. सव्वाशे वर्षांपूर्वीचं डिझाइन, आणि आजही नव्या कस्टम रायफली त्याच पद्धतीच्या अ‍ॅक्शनवर बांधल्या जातात! म्हणजे आतला गाभा प्रमाणित, आणि वरचं सगळं मापाचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शोध लांबतो तो का?

समजा, मोंटानामधल्या एका माणसाला अशी रायफल हवी आहे. नवी करून घ्यायची तर कारागिराकडे नंबर लावून दोन-तीन वर्षं थांबायचं आणि पैसेही भरपूर मोजायचे. म्हणून तो ठरवतो, की कोणाचीतरी वापरलेली घ्यायची. त्याची यादी अगदी साधी आहे. काडतूस गावच्या दुकानात मिळणारं हवं, अ‍ॅक्शन माउझर किंवा जुनी विंचेस्टर हवी, वजन डोंगर चढताना झेपेल इतकं हवं, आणि दस्ता त्याच्या उंचीला बसायला हवा.

यातली प्रत्येक अट वेगळी घेतली तर सोपी आहे. पण चारही एकत्र जुळणं अवघड, कारण बाजारात असलेली प्रत्येक रायफल दुसऱ्याच कोणाच्यातरी यादीप्रमाणे बनलेली असते. एक सुंदर रायफल सापडते, पण पहिला मालक डावखुरा होता. दुसरी मिळते, तर दस्ता आखूड. (लांब असेल तर कापता येतो. आखूड लाकूड लांब कसं करणार? जाड रबर लावून भागवतात, पण ते ठिगळ दिसतंच.) तिसरी सगळ्याच बाबतीत चांगली, पण पहिल्या मालकाच्या हौसेपोटी तिचं काडतूस ‘वाइल्डकॅट’ आहे. वाइल्डकॅट म्हणजे कोणत्याही कंपनीने बाजारात न आणलेलं, कोणीतरी स्वतःच्या डोक्याने बदल करून काढलेलं माप. ते दुकानात मिळत नाही, घरी बसून स्वतः भरावं लागतं.

आणि इथे पैशाचं गणित सुरू होतं. समजा, पहिल्या मालकाने अ‍ॅक्शन, नळी, लाकूड आणि मजुरी धरून १२ हजार डॉलर घातले. आकडा फक्त समजण्यासाठी आहे. विकायला काढल्यावर त्याला वाटतं, १२ घातलेत, निदान १० तरी यावेत. घेणारा विचार करतो : माउझर अ‍ॅक्शनची बाजारात किंमत इतकी, नळीची इतकी, काम चांगलं आहे त्याचे थोडे जास्त. पहिल्या मालकाच्या हातांच्या लांबीचे पैसे तो देत नाही. त्याने दस्त्यावर कोरून घेतलेल्या आद्याक्षरांचे तर नाहीच, उलट त्यासाठी भाव पाडून मागतो. कस्टम रायफलीत घातलेला सगळा पैसा विकताना परत येणं दुर्मीळच. म्हणूनच थांबायची तयारी असलेल्या दुसऱ्या मालकाला उत्तम काम बऱ्याच कमी पैशात मिळतं. त्याची दोन वर्षांची वाट फुकट जात नाही, तीच त्याची सवलत असते.

आता स्वतःला विक्रेत्याच्या जागी ठेवा. तुमच्याकडून मॉड्युलर किचन करून घेतलेलं गिऱ्हाईक पाच वर्षांनी फ्लॅट विकतं, तेव्हा घेणारा नेमकं हेच करतो. ट्रॉल्या नेहमीच्या मापाच्या आहेत का, बिजागरं बाजारात मिळतील का, एवढंच तो बघतो. आधीच्या मालकीणबाईंच्या उंचीला केलेला ओटा त्याच्या हिशेबात तोट्याच्या बाजूला पडतो.

स्क्रू सगळं सांगतात

रायफल सापडली. फोटो सुरेख आहेत. विकणारा म्हणतो, “फारशी वापरलेलीच नाही.” हे वाक्य जुन्या गाडीच्या बाजारात आपण सगळ्यांनी ऐकलंय! जाणता घेणारा हसून ऐकून घेतो आणि स्क्रू बघायला लागतो.

चांगल्या कस्टम कामात स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचा सगळ्या एकाच दिशेत, नळीला समांतर बसवलेल्या असतात. त्यासाठी प्रत्येक स्क्रू वेगळा घासून जुळवावा लागतो. त्या खाचांच्या कडा जर कुरतडल्यासारख्या झाल्या असतील, तर अर्थ सरळ आहे : मधल्या काळात कोणीतरी चुकीच्या मापाचा पेचकस घालून ही रायफल उघडली होती. आणि ज्याने पेचकस चुकीचा घेतला, त्याने आत आणखी काय केलं असेल? एका स्क्रूवरून भाव खाली येतो तो असा.

मग दस्ता काढून आतलं लाकूड बघायचं. धक्का जिथे बसतो तिथे, आणि अ‍ॅक्शनच्या मागच्या शेपटीपाशी, केसाएवढी चीर गेली आहे का? वर्षानुवर्षं जास्तीचं तेल झिरपून लाकूड काळं आणि मऊ पडलंय का? नळीत बारीक कॅमेऱ्याची दुर्बीण घालून पिळाच्या खाचा बघतात. काडतुसाच्या घराच्या लगेच पुढे नळीची जी जागा असते, ती गरम वायूने सगळ्यात आधी खाल्ली जाते. तिथलं पोलाद भेगाळलेलं दिसलं, तर “फारशी वापरलेलीच नाही” तिथेच खोटं पडतं. फार जुन्या नळ्यांमध्ये गंजाचे खड्डेही सापडतात, कारण पूर्वीच्या काडतुसांमधल्या पेटवण्याच्या रसायनातून क्षार उरायचा आणि त्या दिवशीच नळी धुतली नाही तर तो पोलाद खायचा. काडतुसाच्या घराची खोली गेजने मोजतात. ही तपासणी चुकली तर पैशाचा प्रश्न राहत नाही, चालवणाऱ्याच्या डोळ्यांचा होतो. म्हणून ती जाणत्या गनस्मिथकडूनच करून घेतात.

शेवटी चालवून बघणं. शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचभर जागेत बसल्या तर चांगली रायफल, असं तिकडे ढोबळमानाने मानतात. पण अनुभवी माणूस त्या तिन्हींपेक्षा थंड नळीतून गेलेल्या पहिल्या गोळीकडे जास्त बघतो. जंगलात दुसरी संधी मिळेलच असं नाही, आणि तापलेल्या नळीचा नेम कितीही सुंदर असला तरी त्याचा उपयोग नसतो. (डेमोच्या दिवशी सकाळपासून चालू ठेवलेली मशीन विकत घेताना हे आठवा.) अमेरिकेतले अनेक विक्रेते रायफल हातात पडल्यावर तपासायला तीन दिवस देतात. पटली नाही तर परत. दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून घेतली, तर ती परवानाधारक व्यापाऱ्यामार्फतच यावी लागते, हा तिथला केंद्रीय कायदा आहे.

इंग्लंडची रीत आणखी जुनी. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३चं. प्रत्येक नळी जास्त दाबाच्या काडतुसाने तिथे तपासायची, टिकली तर शिक्का मारायचा, आणि शिक्क्याशिवाय विकायची नाही. नळीत पुढे मोठा बदल केला तर पुन्हा तपासणी. कारागीर मरून ऐंशी वर्षं झाली तरी शिक्का बोलत असतो. अमेरिकेत अशी सक्तीची सरकारी तपासणी नाही. तिथे कारागिराचं नाव हाच शिक्का. म्हणूनच नळीवर कोणाचं नाव कोरलंय, यावर किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एका कारखान्याने खर्च कमी केला, त्याची गोष्ट

आपल्या मोंटानावाल्याच्या यादीत “जुनी विंचेस्टर” होती. तीच का, नवी का नको?

विंचेस्टरने मॉडेल ७० नावाची रायफल १९३६ साली आणली. तिची अ‍ॅक्शन माउझरच्या धर्तीची होती. एक रुंद पोलादी पंजा काडतुसाची कड पेटीतून वर येतानाच पकडायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. घाईत, वाकड्यातिकड्या हातांनीही काडतूस अडकायचं नाही. बनवायला मात्र फार खर्चिक, कारण यंत्रावर आणि हातावर खूप काम. मजुरी वाढत गेली, आणि १९६४ साली कंपनीने डिझाइन बदललं. पंजा गेला, त्याजागी स्वस्त रचना आली. दस्त्यावरची हाताने कोरलेली जाळी गेली आणि दाबून उठवलेली नक्षी आली.

कागदावर तो निर्णय बिनचूक असणार. एका नगामागचा खर्च कमी, उत्पादन सोपं, आणि नव्या रायफलीही गोळी मारतच होत्या. पण गिऱ्हाइकाने काय केलं? त्याने जुन्या रायफली शोधायला सुरुवात केली. ‘प्री-६४’ हा शब्दच बाजारात तयार झाला. आजही जाहिरातीत तो शब्द दिसला की भाव चढतो, आणि कस्टम कारागीर जुन्या अ‍ॅक्शनी हुडकून त्यांवर नव्या रायफली बांधतात. कंपनीने १९९०च्या दशकात जुनी पंजाची रचना पुन्हा बाजारात आणली, तरी ‘प्री-६४’ हा शब्द पुसला गेला नाही. कंपनीचा सगळ्यात मोठा स्पर्धक तिचाच जुना माल होऊन बसला! खर्च कुठे वाचवायचा हे तुम्ही ठरवताना गिऱ्हाईक कोणत्या गोष्टीसाठी तुमच्याकडे येतं, ते आधी त्यालाच विचारा. विंचेस्टरला वाटलं, रायफल चालते म्हणून लोक घेतात. लोक तो पंजा आणि ती कोरलेली जाळी बघून घेत होते.

कागदाची किंमत

आता माझा आवडता भाग. दोन रायफली सारख्याच आहेत. एकीसोबत कागद आहे, दुसरीसोबत नाही. घेणारा कुठली उचलेल?

लंडनची जॉन रिग्बी अँड कंपनी मूळची डब्लिनची, अठराव्या शतकातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिने माउझरशी करार करून त्यांच्या अ‍ॅक्शनवर शिकारी रायफली बांधायला सुरुवात केली. आज कोणी जुनी रिग्बी घेऊन आला, तर कंपनी नंबरावरून आपल्या जुन्या खतावण्या उघडते : ही रायफल कधी पूर्ण झाली, कोणासाठी, कोणत्या मापाची. दस्ता नंतर बदलला असेल, नळी दुसरी असेल, तर वहीतल्या नोंदीशी ते जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते. जुन्या मालाच्या बाजारात त्या नोंदीवर हजारोंचा फरक पडतो. वही लिहिणाऱ्या कारकुनाला त्या वेळी याची कल्पनाही नसणार.

यातली एक रिग्बी तर आपल्या देशातली. १९०७ साली कुमाऊंमधल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला जिम कॉर्बेट यांनी मारलं. ४३६ माणसांचे बळी त्या वाघिणीच्या नावावर सांगितले जातात. त्याबद्दल संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेटना .२७५ बोअरची रिग्बी भेट दिली, आणि तशा मजकुराची चांदीची पट्टी दस्त्यावर बसवली. कॉर्बेट १९४७ साली केनियाला गेले, १९५५ साली तिथेच वारले. रायफल त्यांच्या पुस्तकांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली. पुढे ती विकत कोणी घेतली? खुद्द रिग्बी कंपनीने. शंभर वर्षांपूर्वी आपणच विकलेला माल कंपनीने परत विकत घेतला, कारण आता ती वस्तू कंपनीची स्वतःची ओळख झाली होती.

मघाशी मी म्हटलं, की दस्त्यावर नाव कोरलं की भाव पडतो. इथे नावाच्या पट्टीनेच रायफल अनमोल झाली. मालकाचं नाव मोठं असलं की असं होतं. पण ते नाव खरंच त्या रायफलीचं आहे, हे पट्टी आणि नंबर दोन्ही जुळल्याशिवाय कोणी मानत नाही. “ही माझ्या आजोबांना कॉर्बेटसाहेबांनी दिली” असं सांगणारे हजार निघतील.

तुमच्या वर्कशॉपमध्ये

सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांसाठी आधी दोन शब्द, कारण आपल्यातले बरेच जण भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुना लेथ शोधत फिरताहेत. पद्धत तीच. रंग बघू नका. नवा रंग म्हणजे घासलेला स्क्रू समजा. लेथच्या बेडवर चकजवळचा भाग सगळ्यात आधी झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होतं. तिथे आणि टेलस्टॉकच्या टोकाला हात फिरवून, मग डायल लावून फरक बघा. स्पिंडलला डायल लावून रन-आउट बघा. क्रॉस स्लाइड उलटसुलट फिरवून मोकळी चाल किती ते बघा. सगळ्या गिअरमध्ये चालवा, आणि एक गोल बार कापून दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा. मशीन थंड असताना एकदा आणि तासभर चालल्यावर एकदा. मूळ बिल मागा, आणि मशीनवर कोणत्या बँकेचं कर्ज तर नाही ना, ते लेखी घ्या. हे सगळं करायला विकणारा नाही म्हणाला, तर नमस्कार करून निघा. दुसरा लेथ मिळतो.

आणि जे स्वतः ऑर्डरचा माल बनवतात, त्यांनी पुढच्या ऑर्डरला दोन रकाने आखा. एकात, या वस्तूतलं काय फक्त याच गिऱ्हाइकासाठी आहे. दुसऱ्यात, काय कोणालाही चालेल. बिजागरं, बेअरिंग, मोटर, चेन, बटणं, झिप ही दुसऱ्या रकान्यातच राहिली पाहिजेत. बाजारात मिळणाऱ्या मापाचीच. गिऱ्हाइकाने वाइल्डकॅट मागितलं तर द्या, पण त्याला आधी स्पष्ट सांगा की विकताना याचे पैसे येणार नाहीत. मी बॅचमध्ये हे सांगतो तेव्हा हमखास कोणीतरी म्हणतं, “सर, असं सांगितलं तर ऑर्डर जाईल ना!” काही जातात. जी राहतात ती माणसं पाच वर्षांनी वस्तू विकतानाही तुमचंच नाव सांगतात.

मग जॉब रजिस्टर. कॉम्प्युटर नसेल तर दोनशे पानी वही चालेल. जॉब नंबर, तारीख, कोणासाठी, ड्रॉइंग किंवा मापाचा कागद, माल कुठून आणला, काम कोणी केलं, आणि नंतर दुरुस्तीला आलं तर काय बदललं, एवढंच लिहायचं. तोच नंबर वस्तूवर मारायचा, पण दिसेल अशा जागी नको. लोखंडी फ्रेमला आतल्या बाजूने पंच, लाकडी कपाटाला खालच्या फळीवर डागणी, कपड्याला शिवणीच्या आत टॅग. शून्य ते नऊचा नंबर पंचांचा सेट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सहा आणि नऊला बहुतेक सेटमध्ये एकच पंच असतो, तेव्हा उलटा धरून मारायचं विसरू नका.